बुटक्या बॅटरची चौकट

ऑफिसात त्याला खुसपटराव म्हणत. ज्याने नाव ठेवलं त्याने चिडवायलाच ठेवलं होतं, पण खुसपटं काढायचाच त्याला पगार मिळत असल्यामुळे त्याने ते मुकाट्याने लावून घेतलं. व्हिडिओ गेम बाजारात जायच्या आधी तो दिवसभर खेळून बघायचा आणि कुठे काय बिघडतं ते लिहून द्यायचं, हे त्याचं काम. ऐकणाऱ्याला वाटे, मजा आहे बुवा! अशा माणसाला एकदा एकच खेळाडू सलग तीनशे वेळा त्याच कुंपणावर आपटून बघायला बसवावं, असं त्याची बायको म्हणायची. ती रोज संध्याकाळी त्याचं तोंड बघत होती, म्हणून तिला माहीत.

त्या वर्षी कंपनीने बेसबॉलचा गेम काढायचं ठरवलं आणि खुसपटरावांना प्रथमच आपल्या कामाची ऐट वाटली. त्यांचे बाबा एकतीस वर्षं पंच होते. आठवडाभर पाणीपुरवठा खात्यात खर्डेघाशी आणि रविवारी तोंडाला जाळीचा मुखवटा लावून, चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मागे उभे. पिचरने टाकलेला चेंडू बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या चौकटीतून गेला तर स्ट्राईक, नाही तर बॉल, म्हणजे वाया गेलेला चेंडू. तीन स्ट्राईक झाले की बॅटर बाद. हे ठरवणारा माणूस म्हणजे बाबा. दर नव्या बॅटरसाठी ते नव्याने वाकत. उंच गडी असेल तर थोडे, लहान पोर असेल तर जवळजवळ उकिडवे बसत. "चौकट मैदानाची नसते रे," ते सांगत, "बॅटर ती आपल्या अंगावर घेऊन येतो." गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि मुखवटा खुंटीवर गेला. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले झकास आहे. मैदानाच्या कमिटीने तर निरोपही धाडला, की यंदा बारा वर्षांखालच्या मुलांचे सामने तुम्हीच बघा. बाबांनी सामने सुरू होईपर्यंतची मुदत मागितली होती. डोळ्यांवर आधी त्यांचा स्वतःचा विश्वास बसायला हवा होता.

गेम वाईट होता असं कुणी म्हणू नये. खुसपटरावांनीही म्हटलं नाही. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बसल्यावर असा आवाज यायचा की आपलाच तळहात चुरचुरावा. पिचरची बोटं शिवणीवर कशी बसतात ते दिसायचं. सामना लांबत जाई तशी स्टँडची सावली मैदानावर सरकत यायची, आणि ती नजरेत भरली की तो कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसता बघत बसे. खोड्याही होत्या. समालोचक तीच तीन वाक्यं घोळवत राहायचा, आणि दूरचा एक फील्डर चेंडू समोर पडला तरी जागच्या जागी पाय आपटत राही. ही किरकोळ दुखणी. खरं दुखणं चौकटीत होतं. ताडमाड बॅटर येवो की बुटका, चौकट एकाच उंचीवर खिळे ठोकल्यासारखी. बुटक्याच्या कानाजवळून चेंडू गेला तरी गेम खुशाल ओरडायचा, स्ट्राईक!

हे लिहून द्यायला गेला तर फॉर्म आडवा आला. कंपनीचा दंडक असा, की एक कमकुवत बाजू नोंदवायची तर एक जमेची बाजूही लिहायची. दोन्ही रकाने सारखे भरले नाहीत तर फॉर्म पुढे जातच नसे. काम करणाऱ्यांचं मन दुखू नये म्हणून ही सोय कुणा शहाण्याने काढली होती, आणि खुसपटं काढून काढून त्याच्याकडची कौतुकं केव्हाच संपली होती. ग्लोव्हचा आवाज झाला, सावली झाली, गवताचा रंगसुद्धा झाला. शेवटी वैतागून त्याने लिहिलं, 'पंचाच्या नजरेने तोललेली चौकट.' आणि शेजारच्या रकान्यात, 'चौकट साफ चुकलेली आहे, बॅटरच्या उंचीप्रमाणे बदलत नाही.' फॉर्म गेला. एका ओळीला दुसरी ओळ खोटं पाडते हे वाचणाऱ्याला दिसेलच, असं तो धरून चालला. वाचणारे दोन्ही रकाने वाचतात, हे त्याने कशावरून मानलं, देव जाणे.

दोष परत आला, 'ठरल्याप्रमाणेच', म्हणजे हा दोषच नव्हे, असा शेरा मारून. त्याने आणखी दोनदा पाठवला, दोन्ही वेळा तोच शेरा. चौथ्यांदा तो थेट मॅनेजर मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"अहो मॅडम, सहा फुटी माणूस आणि पाच फुटी माणूस, दोघांची छाती एकाच जागी कशी असेल?"

"किती जणांच्या लक्षात येणार आहे हे?" मॅडम स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या.

"पंचाच्या येईल."

"पंच गेम घेत नाहीत रे. गेम मुलं घेतात. जा आता, पुढच्या अपडेटमध्ये बघू."

त्याला इतका संताप आला की तो जाऊन पाणी प्यायला, मग आणखी पाणी प्यायला, आणि जागेवर येऊन बसला. संतापून तो एवढंच करू शकत असे.

गेम बाजारात आला. प्रत्येकाला एकेक खोका मिळाला. पाठीमागे ठळक अक्षरांत छापलं होतं, 'पंचाच्या नजरेने तोललेली चौकट!' उद्गारचिन्ह कंपनीने आपल्या पदरचं घातलं होतं. मॅडमनी लांबूनच अंगठा दाखवला, "तुझंच वाक्य!" दुसऱ्या रकान्यातलं वाक्य कुठेच नव्हतं.

खोका त्याने घरी नेला, कारण बाबा वाट बघत होते. चौकटीबद्दल तो घरी बोलला नाही. दोष बाहेर सांगणार नाही अशा कागदावर सही केली होती, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे त्याला लाज वाटत होती. अपडेट येईल, चूक निघून जाईल, बाबांना कळणारही नाही, अशी त्याने आपली समजूत घातली. अपडेट आला. त्यात खेळाडूंच्या टोप्यांचे नवे रंग होते.

तीन आठवड्यांनी एका गुरुवारी तो घरी आला तर खुंटी रिकामी.

"मुखवटा कुठे गेला?"

"सकाळी कमिटीचा माणूस घेऊन गेला, त्यांचाच होता तो," आई म्हणाली. "नाही म्हणून ह्यांनीच कळवलं त्यांना. तूच विचार आता ह्यांना, माझ्याशी नीट बोलतही नाहीत."

बाबांनी त्याच्यापुढे एक वही टाकली. रोज दुपारी ते टीव्हीसमोर स्टूल घेऊन बसत, गेमला गेमशीच खेळायला लावत, आणि निकाल यायच्या आत मोठ्याने आपला निकाल देत. चुकलं की बॅटरचा नंबर लिहून ठेवत. आपल्या डोळ्यांची परीक्षा त्यांनी अशी लावली होती. वहीत एकशे बारा चुका होत्या. नंबर मात्र दोनच: चार आणि सतरा. संघातले सर्वांत बुटके दोघे. खुसपटरावांनी उभ्या आयुष्यात इतका स्वच्छ लिहिलेला दोष पाहिला नव्हता.

"उंच गडी मला बरोबर दिसतात," बाबा म्हणाले. "बुटक्यांचं काही दिसत नाही. खालचं चुकतंय माझं. आणि मैदानावर तर सगळी पोरंच. एखाद्या पोराला चुकीचं बाद देऊन घरी कशाला पाठवू?"

"बाबा, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. गेम चुकतोय."

"उगाच समजूत काढू नकोस. खोक्यावर छापलंय, मी भिंग लावून वाचलंय. कुणा पंचानेच तोललीय ती चौकट."

"पंचाने नाही. ते वाक्य माझं आहे. फॉर्म पुढे जावा म्हणून लिहिलं होतं. चौकट चुकलीय हे चार वेळा सांगितलं मी त्यांना."

"त्यांना चार वेळा सांगितलंस," बाबा म्हणाले. "आणि मला?"

त्याने कमिटीला फोन लावला. तिकडून सांगितलं, नवा पंच ठरलाय, तरुण आहे, हौशी आहे, पुढल्या वर्षी बघू.

रविवारी बाबा मैदानावर गेले. तोही मागोमाग गेला, बाबांनी नको म्हटलं नाही म्हणून. दोघे जाळीमागच्या बाकावर बसले. मुखवटा नव्या पंचाच्या तोंडावर होता. पहिलीच बॅटर म्हणून एक मुलगी आली, उंचीने बॅटपेक्षा जेमतेम दीड वीत जास्त. नवा पंच वाकला नाही. चेंडू तिच्या कानाजवळून गेला.

"बॉल," बाबा पुटपुटले.

"स्ट्राईक!" पंच ओरडला.

दुसरा चेंडू तसाच, तिसराही तसाच. मुलगी बाद झाली. तिने एकदा पंचाकडे पाहिलं, मग बॅट ओढत ओठ घट्ट मिटून परत निघाली. बाबा ताडकन उठले आणि जाळीला जाऊन भिडले.

"अहो, तिन्ही बॉल होते! पोरीच्या डोक्याला लागले असते!"

नवा पंच मुखवटा वर करून हसला. वागायला चांगला होता बिचारा. "आजोबा, काळजी करू नका. तीन आठवडे रोज सराव केलाय त्या नव्या गेमवर. पंचाने तोललेली चौकट आहे त्यात."

बाबा जाळी धरून तसेच उभे राहिले. मुलाकडे त्यांनी मान वळवली नाही.

"ऊठ," ते म्हणाले. "सांग त्याला, कुणी तोललीय ती."