काळ्या पंखांची कादंबरी

दिग्रसहून पुसदला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या मुलीच्या हातात एक जाड कादंबरी होती. स्वर्गातून हाकललेला, काळ्या पंखांचा देवदूत एका कॉलेजकन्येसाठी शेकडो पाने उसासे टाकतो, असला तो कचरा. ती मात्र एकच पान ओळींवर बोट फिरवत पुन्हा पुन्हा वाचत होती.

“एवढं काय आहे त्यात?” मी विचारले.

“यानं देवाले तोंडावर नाही म्हटलं, काका. मले तं फक्त मामाले म्हणाचं हाये. आज मले पाह्याले पाव्हणे येऊन राह्यले.”

पुसदच्या स्टँडवर मामा न्यायला आले होते. बस थांबण्याआधीच ती खिडकीतून ओरडली, “मामा, मले लग्न नाही कराचं! पाव्हण्यायले फोन करा!”

मामांनी रागाने माझ्याकडे पाहिले. भाचीला हे स्वतःहून सुचले असेल, हे त्यांना पटत नसावे.