केवळरामची मिशी

केवळराम आमच्या गावच्या दंडारीत बाई व्हायचा.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी. लेकी माहेरी येतात, पाहुणे बैलगाड्या जुंपून येतात, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात. आणि दुपारभर मैदानात दंडार चालते. नाच, गाणं आणि नाटक असा तो एकत्र खेळ. त्यात बाया नसतात. बाईचं काम पुरुषच करतात.

केवळराम उंचापुरा होता. नांगर धरून धरून त्याचे तळहात लाकडासारखे झाले होते. आमगावपासून जवळच त्यांची थोडी धानाची जमीन होती, थोडी ठेक्याने केलेली. आम्ही चौथीपर्यंत एका पाटीवर शिकलो. तो शेतात गेला, मी नागपूरला जाऊन बी. ए. झालो. गावात मला सगळे 'बीए' म्हणायचे. त्यात आदर फारसा नव्हता.

त्याच्याकडे नेहमी दासीचं नाहीतर शेजारणीचं काम असायचं. तो पदराचं टोक दातात धरून उभा राहायचा. मिशी झाकायची म्हणून. नायिका व्हायचा हिरालाल. त्याची मिशी सफाचट असायची. हिरालालचा बाप तो लहान असतानाच वारला होता, त्यामुळे त्याला कोणी काही म्हणत नसे. आमच्याकडे बाप गेला की मुलगा मिशी उतरवतो. बाप जिवंत असताना कोणी मिशीला वस्तरा लावत नाही.

१९५३ साली हिरालालला रेल्वेत नोकरी लागली आणि तो निघून गेला. दंडारीचा मुख्य टिकाराम केवळरामकडे आला. त्या वर्षीच्या खेळात एका सुनेची गोष्ट होती. भर चावडीत तिला तोंड उघडं ठेवून बोलायचं होतं. पदर दातात धरून ते जमणार नव्हतं.

"आता तूच होय रे," टिकाराम म्हणाला. "पन हे मिशी?"

केवळराम दुसऱ्या दिवसापासून तयारीला लागला. त्याची बायको प्रेमिला माझ्याकडे तक्रार घेऊन आली.

"तुमच्या मित्राले सांगा ना, बीए भाऊजी. मी उठली का मलेच पाहाते, बसली का मलेच पाहाते. काल म्हणे, रागावून दाखव. मी म्हटलं, कायले? म्हणे, तू रागावली का मान कोनीकडे करते ते पाहाचं आहे. मंग मी खरंच रागावली."

मला हसू आलं. चार दिवसांनी मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून येत होतो. समोरून एक बाई गवताचा भारा घेऊन येत होती. धुरा अरुंद. मी खाली धानाच्या बांधीत उतरलो, तिला वाट दिली. ती जवळून गेली आणि थांबली.

"काय बे बीए, आपल्या मानसाले ओळखत नाहीस?"

मी चिखलात उभाच राहिलो. तो केवळराम होता. प्रेमिलाचं जुनं लुगडं नेसलेला, पदर तोंडावर ओढलेला. मी नागपुरात मोठमोठी नाटकं पाहिली होती. एवढ्या जवळून कोणी मला असं फसवलं नव्हतं.

प्रश्न मिशीचा राहिला. त्याचे वडील चैतरामकाका कडक माणूस. केवळरामने जेवताना विषय काढला तेव्हा मी तिथेच होतो. काकांनी घास खाली ठेवला.

"मिशी काढाची आहे?"

"हाव."

"मंग मी मेल्यावर काढ."

"बाबा, दंडारीसाठी आहे. महिन्याभरात उगवते."

"लोक काय म्हनतीन? चैतरामच्या पोरानं बापाले जितेपनी मारलं. मिशी काढून या घरात पाय ठेवू नको. सांगून ठेवतो."

ताटातलं संपवून केवळराम उठला.

मंडईच्या आधीच्या आमगावच्या बाजाराला तो एकटा गेला. गावच्या न्हाव्याने बापाला विचारल्याशिवाय वस्तरा लावला नसता, म्हणून. परतताना त्याने डोक्याला आणि तोंडाला शेला गुंडाळला होता. वाटेत शेला सुटला आणि समोर ईश्वरदास उभे. हे त्याच्या बहिणीचे, रुख्माचे सासरे. सालेकशाकडचे. त्यांनी त्याचा उघडा ओठ पाहिला. खाली घातलेली मान पाहिली. त्यांनी काही विचारलं नाही. असलं कोणी रस्त्यात विचारत नाही. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "होते बापा. कोनाच्या हातात आहे?"

केवळरामला वाटलं, मिशीबद्दल म्हणतात. तो म्हणाला, "हाव मामाजी. आता जे झालं ते झालं."

तो घरी गेला नाही. टिकारामच्या गोठ्यात झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चैतरामकाकांच्या ओट्यावर बसलो होतो. पोरगा रात्री घरी का आला नाही, हे ते मला विचारत होते आणि मी सांगत नव्हतो. ते अंबाडीची दोरी वळत होते. तेवढ्यात शिवेकडून बायांच्या रडण्याचा आवाज आला. मयताला येणाऱ्या बाया आमच्याकडे शिवेपासूनच गळा काढतात.

काका उठले. "कोन गेलं बे? काल त कोनी बिमार नव्हतं."

दोरी हातात घेऊनच ते पुढे झाले. मी मागे. दोन गाड्या येत होत्या. पहिलीत रुख्मा होती. डोळे मिटून, छाती पिटून रडत होती.

"माझा बाप गेला वो! खांद्यावर बसवून मले मंडईत नेत होता वो! स्वतः उभा राहे, मले दंडार दाखवे वो! आता मले कोन नेते वो!"

काका गाडीच्या चाकाजवळ पोचले. थोडा वेळ ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "रुख्मा, कोनाचा बाप गेला?"

तिने डोळे उघडले आणि किंचाळली. गाडीतल्या बाया एकमेकींवर पडल्या. बैल बिचकले. ईश्वरदास खाली उतरले आणि हात जोडून उभे राहिले. मेलेल्या माणसाला हात जोडावेत की जिवंत व्याह्याला, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"आमी काय समजावं, चैतरामभाऊ? पोराच्या तोंडावर मिशी नाही. म्हनाला, जे झालं ते झालं."

काकांच्या सगळं लक्षात आलं. त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हा माणूस दोरी घेऊन टिकारामच्या गोठ्यात जाणार. पण रुख्मा गाडीतून उतरली आणि त्यांच्या गळ्यात पडली. आता खरंखुरं रडू लागली. त्यांना जागचं हलता येईना.

"चूप राय," ते म्हणाले. "मेलो नाही मी. घरी चला. मयताचं जेवन नाही, पन वरन-भात आहे."

दुपारी केवळराम स्वतःच आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. पाहुण्यांसमोर हात जोडून म्हणाला, "बाबा, मी मंडईत उतरत नाही. टिकारामले सांगून आलो. दुसरा पाहा म्हटलं."

दंडार हाच त्याचा वर्षभराचा आनंद होता. त्याने तो उंबऱ्यावर ठेवला होता आणि बाप काय करतो ते पाहत होता.

काकांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते ईश्वरदासांशी बोलले. "याची मिशी त गेली. आता हा नाचला नाही तरी लोक मले मेलाच समजतीन. मी समोर जाऊन बसतो मंडईत. ज्याले पाहाचं आहे त्यानं पाहून घ्यावं, चैतराम जिता आहे." मग केवळरामला म्हणाले, "मी खेळ पाहाले येऊन नाही राहिलो. समजला?"

"समजलो."

"मंग जाय. टिकारामले दुसरा कायले पाहाले लावतेस?"

मंडईच्या दिवशी काका पांढरं पागोटं बांधून अगदी पुढे बसले. शेजारी ईश्वरदास, मागे आम्ही. येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, "रामराम चैतरामभाऊ! बरे दिसून राहिले!" ते सगळ्यांना मोठ्याने रामराम घालत होते. मैदानाकडे त्यांनी पाठ केली होती.

ढोलकी वाजली. सून मैदानात आली. डोक्यावर घागर, पदर मागे, तोंड उघडं. माझ्या पुढची एक म्हातारी म्हणाली, "कोनाची वो हे पोरगी? आपल्या गावची नाही दिसत." सून सासूशी बोलली, पाटलाशी बोलली. आवाज बाईचा केलेला नव्हता. रागावली तेव्हा मान डावीकडे गेली आणि हनुवटी वर झाली. बायांच्या घोळक्यातून प्रेमिलाचं हसू ऐकू आलं. मग प्रेमिलाने पदर तोंडाशी घेतला आणि टक लावून पाहू लागली. मीही पाहत होतो. तो माझा मित्र आहे हे मला पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागत होतं.

काका केव्हा वळून बसले, मला कळलं नाही. ते गुडघ्यांवर हात टेकून पुढे झुकले होते.

चावडीतून सून रागाने निघाली. घागर डोक्यावर, पावलं झपाझप. तेवढ्यात काका उभे राहिले. ढोलकीवरचा टिकारामचा हात थांबला. केवळरामही थांबला. सगळ्या गावाला मिशीचा प्रकार ठाऊक होता.

"घागर भरली आहे का रिकामी?" काका ओरडले.

सुनेने मान खाली घातली. "भरली आहे."

"मंग अशी काऊन धावून राहिली? पानी सांडते ना!"

मैदान हसायला लागलं. केवळराम हसला नाही. त्याने पदर पुढे ओढला, एक हात घागरीला लावला आणि सुनेच्याच आवाजात, सासऱ्याला म्हणावं तसं म्हणाला, "चुकलं मामाजी."

तो चार पावलं मागे गेला. पुन्हा निघाला, या वेळी हळू, मान ताठ, भरल्या घागरीच्या तालात. राग आता पावलांत नव्हता, डोळ्यांत होता. सून मैदानाच्या टोकाला जाईपर्यंत काका उभे होते. मागचे लोक ओरडले, "बसा ना हो काका, दिसत नाही!"

ते बसले आणि ईश्वरदासांच्या कानाशी लागून म्हणाले, "आता जमलं तिले."