कुरण राखणारी

गंगापुराहून सकाळच्या जीपनं निघालो. जायचं होतं पडेगावला, मेव्हण्याकडं. कॉलेजातल्या एक मॅडम पाखरं मोजायला आमच्या माळावर आल्या होत्या. आमच्या दोन एकरांपुढं त्यांनी वहीत ‘कुरण’ लिहिलं आणि हा शब्द आला कुठून, असं मला विचारलं. मला सांगता आलं नाही. ते कुरण राखलं बायकोनं. ती चैत्रात गेली.

मला दुसरंही विचारायचं होतं. ती दिवाळीपर्यंत गवताला विळा लावू देत नसे. यंदा मी भादव्यातच कापलं, बी पडायच्या आधी. आता ते पुन्हा येईल का, हे मेंढरं वळणाऱ्यालाच ठाऊक, आणि मेव्हण्याचा जन्म मेंढरांमागं गेलेला.

शहरात क्रांती चौकात उतरून रिक्षा धरली. डुलकी लागली आणि पडेगाव मागं पडलं. उन्हात मागं फिरून चालत आलो. दोन्हीकडं प्लॉटांचे दगड रोवलेले. पूर्वी इथं मेंढरं बसायची.

मेव्हणा सखाराम बाजेवर होता. सुनेनं भाकरी आणि मेंढीचं दूध दिलं. जेवल्यावर शब्दाचं विचारलं.

“कुरण म्हंजी गवत नाय, दाजी. कुरण म्हंजी बंदी,” तो म्हणाला. निजामाच्या घोड्यांसाठी माळ राखायचे, कडेला शिपाई उभा असायचा. शब्द त्या फारसीवाल्यांनीच आणला, असं त्याचा आजा सांगायचा. खरं-खोटं आज्यालाच माहीत. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य संपलं, शिपाई गेले आणि लोकांनी दोन सालांत माळ खरवडून खाल्ला.

मग मी कापल्याचं सांगितलं. तो बाजेवर उठून बसला.

“का कापलं?”

“उभं बघवंना.”

“माझी बहीण गेली, त्येचा राग गवतावर काढला व्हय? लई शहाणे.” मग हळू आवाजात म्हणाला, “मारवेलीच्या गाठीला मुळं फुटत्यात, ती मुळातून उठंल. पण त्या उंच, गोड पवन्या गवताचं मला सांगता येत नाय. दोन सालं जनावर घालू नका.”

दिवस मावळता घरी आलो. शेजारचा किसन शेळ्या घेऊन बांधावर उभाच होता. म्हणाला, “तात्या, आता कापलंच हाय, तर चरू द्या की.”

मी नाही म्हणालो. त्याला ते खरं वाटलं नाही, शेळ्या पुढं आल्या. मग काठी घेऊन ओरडत आडवा झालो. तेव्हा समजलं, तीस वर्षं तिचा घसा का बसलेला असायचा.