फोडलेली बाटली

काशिनाथ कुठल्याही गाडीला हात लावायच्या आधी हँडलवरच्या ब्रेक ऑईलच्या डबीचं झाकण उघडायचा. तुम्ही हॉर्न वाजत नाही म्हणून गेला असाल, तरी आधी डबी. मी माझी जुनी मोटारसायकल पहिल्यांदा मुरबाडला त्याच्या गॅरेजात नेली, तेव्हा आत डोकावून तो म्हणाला, "गुरुजी, ह्याचा चहा झालाय. नवं ऑईल मधासारखं दिसतं."

झाकणावर छापलेला, ऑईलचा प्रकार सांगणारा आकडा त्याने मला मोठ्याने वाचायला लावला. त्याच आकड्याची सीलबंद बाटली फोडली, जुनं सगळं काढून नवं भरलं. बाटलीत निम्मं उरलं होतं. ते मी घरी न्यायला मागितलं, तर माझ्यादेखत त्याने ते टाकाऊ ऑईलच्या डब्यात ओतलं. मला राग आला.

"फोडलेली बाटली हवेतलं पानी पिते, गुरुजी," तो शांतपणे म्हणाला. "घाटात सारखा ब्रेक दाबला का ऑईल तापतं, त्यातल्या पान्याची वाफ व्हते. मग लिव्हर मुठीला टेकतो, पन गाडी थांबत नाय."

गिऱ्हाइकं त्याला उधळ्या म्हणत. "दुसरं गॅरेज बघ जा," एवढंच तो म्हणे. काहीजण खरंच जात.

दुपारी त्याची वहिनी, सुलोचना, डबा घेऊन यायची. थोरला भाऊ सदा माळशेज घाटात अपघातात गेला, तेव्हापासून तिचं आणि तिच्या मुलाचं घर काशिनाथच सांभाळत होता. स्वतःचं लग्न त्याने केलंच नाही. डबा मात्र त्याने पुरा खाल्लेला मी कधी पाहिला नाही. "माझ्या हाताला चवच नाय बगा, गुरुजी," असं म्हणत ती उरलेली भाकरी परत न्यायची. काशिनाथ तेवढ्या वेळात काहीतरी पुसत बसायचा.

ओळख जुनी झाल्यावर एका श्रावणात मी पाऊस थांबायची वाट बघत त्याच्याकडे बसलो होतो. वरच्या फळीवर ब्रेक ऑईलची एक धुळकट, निम्मी बाटली दिसली. "ही बरी ठेवलीस," म्हणत मी हात घातला, तर त्याने माझं मनगट धरलं.

"दादाच्या गाडीत ह्यातलंच घातलं मी," तो म्हणाला. "पावसाळाभर उघडी पडलेली. म्हटलं, कशाला फुकट घालवायची? दुसऱ्या दिवशी दादा ओतूरहून माल घेऊन घाट उतरत होता. पोलिसांनी लिवलं, गाडी भरधाव व्हती."

तो फडक्याला हात पुसू लागला. "वयनीला सांगायचंय. पन मग माझ्या हातचा पैसा ती घेल का? लावणी उरकू दे."

लावणी उरकली. मग गणपती होऊ देत, मग भातकापणी होऊ दे. मी दोनदा टोकलं आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तो गेला. तेराव्यानंतर सुलोचनाने गॅरेज आवरायला मला बोलावलं. तिचा मुलगा आता काकाची मोटारसायकल चालवत होता. तिने फळीवरची ती बाटली काढली, पदराने पुसली.

"निम्मी हाय. पोराच्या गाडीत घालू? भावजींनी ठेवलीय म्हंजे चांगलीच असंल."

"नको!" मी जवळजवळ ओरडलो.

"का?"

मी बाटली घ्यायला हात पुढे केला. ती बाटलीकडे बघत राहिली. सदा गेल्यापासून भावजींनी उरलेलं ऑईल कधी ठेवलं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"ह्यांची गाडी आदल्या दिवशी भावजींनीच केलेली," ती हळू म्हणाली. "हीच बाटली?"

मी मान खाली घातली.

बाटली जमिनीवर ठेवून ती काशिनाथच्या स्टुलावर बसली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "आन मला वाटायचं, माझ्या हाताला चव नाय."