तालीमबाई

त्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तोंडावर सगळे 'सिस्टर' म्हणत आणि पाठ वळली की 'तालीमबाई'.

मागची साथ ओसरल्यावर वरून हुकूम आला होता, की देशातल्या प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात पुढच्या साथीसाठी एक वेगळा वॉर्ड कायम तयार ठेवायचा आणि अधूनमधून त्याची रंगीत तालीम घ्यायची. हे लचांड कुणाच्या गळ्यात मारावं म्हणून बैठकीत सगळे एकमेकांकडे बघत बसले, तेव्हा तिनं आपणहून हात वर केला. साथीत तिची जिवाभावाची मैत्रीण गेली होती. तीही इथलीच सिस्टर, साथीच्या पेशंटांना सांभाळणारी. चेहरा लहान, निमुळता, आणि मास्क आले होते सगळ्यांना एकाच मापाचे. गालांपाशी फट राहायची. चिकटपट्टी लावून भागवायची आणि वर हसायची, "अगं, लहान मुलांचा मागव माझ्यासाठी."

म्हणून तालीमबाईनं पहिलं काम धरलं ते मास्कच्या मापांचं. माणसाला मास्क घालायला लावायचा, डोक्यावरून पारदर्शक टोपडं चढवायचं आणि आत कडू पाण्याचा फवारा मारायचा. तोंड कडू झालं तर मास्कला फट आहे, दुसरं माप घ्या. साधी गोष्ट. पण ती बाटली घेऊन कॉरिडॉरमध्ये शिरली की भलेभले डॉक्टर जिन्यानं पसार व्हायचे. "सिस्टर, आत्ताच चहा प्यायलोय हो!" एकेकाला पकडता पकडता ती मेटाकुटीला यायची.

आणि वॉर्ड? उद्घाटनाला फीत कापली, फोटो निघाले. आतली हवा खेचून, गाळून बाहेर सोडणारा मोठा पंखा भिंतीत बसवला. थोड्याच दिवसांत तिथे दोन मोडक्या खुर्च्या येऊन बसल्या. तिनं त्या बाहेर काढल्या, तर पुढच्या आठवड्यात त्या गोतावळा घेऊन परतल्या. मग एक बंद पडलेला फ्रीज आला, जुने पडदे आले. एक दिवस बघते तर पंखाच बंद. ती तरातरा अधीक्षकांच्या खोलीत गेली.

"साहेब, पंखा कुणी बंद केला?"

"मीच सांगितलं. शेजारी बैठकीची खोली आहे, एक शब्द ऐकू येत नाही. आणि आत पेशंट आहे कुठे?"

"आणि त्या खुर्च्या?"

"साथ आली की काढू. त्यात काय एवढं?"

"साथ काय आधी फोन करून येणार आहे का, साहेब?"

"तुम्ही फार मनाला लावून घेता. चार दिवस रजा घ्या बघू."

घरी तरी कुठे सुटका होती? नवरा ड्रायव्हिंग शिकवायचा. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसलेला माणूस. त्याला तिचं दुखणं थोडंफार कळायचं. सासूबाईंचा मात्र संयम सुटला होता. "मेली ती साथ एकदाची येऊन जाऊ दे," त्या जेवताना म्हणाल्या, "म्हणजे माझी सून घरात तरी लक्ष देईल."

"आई!" नवरा ओरडला.

ती उठून भांडी घासायला लागली. इतक्या जोरात, की शेवटी नवऱ्यानं येऊन पातेलं हातातून काढून घेतलं.

मग कळलं, वरून तपासणीचं पथक येतंय. तारीख आधीच कळवलेली. मरगळलेल्या हॉस्पिटलात एकदम वारं शिरलं. खुर्च्या गच्चीवर गेल्या, पंखा घुमू लागला, भिंतींना रंग लागला. शेजारच्या गावातल्या हॉस्पिटलातून श्वासाची दोन यंत्रं आणली गेली.

"संध्याकाळी परत करायचीत," स्टोअरकीपर म्हणाला. "उद्या त्यांच्याकडे तपासणी आहे."

"म्हणजे पथक आणि यंत्रं एकाच टेम्पोनं पाठवा की," ती म्हणाली. तो हसला. ती हसत नव्हती.

तालीम दिमाखात झाली. हिशेब विभागातला क्लार्क पेशंट झाला होता. स्ट्रेचरवर असताना त्याचा फोन वाजला, तर हा पठ्ठ्या म्हणतो, "मी सिरियस आहे गं, नंतर कर." पथकाचे प्रमुख पोट धरून हसले. "वॉर्ड आदर्श आहे," त्यांनी जाहीर केलं. सगळे फोटोसाठी पायऱ्यांवर उभे राहिले. तिला पुढे या म्हणाले, पण तिचं डोकं भणभणत होतं. ती तडक मागच्या दाराकडे निघाली.

तिथल्या बाकावर एक तरुण माणूस कोटाची कॉलर वर करून कुडकुडत बसला होता. डोळे लालभडक. शेजारी हॉस्पिटलचा वॉचमन त्याच्याशी गप्पा मारत चहा पीत होता.

"हा कोण?" तिनं विचारलं.

"तुमच्याच नाटकातला, सिस्टर. उशिरा आलाय. मी सांगितलं त्याला, खेळ संपला, पुढच्या वेळी वेळेवर ये."

तो माणूस खोकला. तिनं खिशातला मास्क तोंडावर चढवला आणि त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं होतं. कानामागे, मानेवर लाल पुरळ उठला होता.

"अहो, मी कधीचा सांगतोय, मला बरं नाही," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "कुणी ऐकेचना."

तिनं त्याला मास्क दिला, वॉचमनला बाकावरून उठवलं आणि कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंना हाक मारली. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "गोवर वाटतोय. चला, आत घेऊ." दोघी त्याला घेऊन वॉर्डाशी पोचल्या, तर पंखा बंद! मघाशी शेजारच्या खोलीत भाषणं झाली ना, तेव्हाच बंद केलेला. गाऊनच्या कपाटाला कुलूप होतं, किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात, आणि स्टोअरकीपर जेवायला. हमाल एक यंत्र टेम्पोत चढवत होते, दुसरं दारातच आडवं.

तेव्हा तिचा बांध फुटला. "अरे, ठेवा ते खाली!" असं काही ओरडली, की पायऱ्यांवरचे सगळे फोटो सोडून धावत आले.

"सिस्टर, तालीम झाली ना?" अधीक्षक दबक्या आवाजात म्हणाले.

"हा खरा पेशंट आहे, साहेब. लागण होणारा. आधी पंखा लावा आणि मग माझ्यावर रागवा."

पथकाच्या प्रमुखांनी एकदा टेम्पोकडे पाहिलं, एकदा कुलपाकडे. आता ते हसत नव्हते. "कुलूप तोडा," ते म्हणाले आणि दारातलं यंत्र स्वतःच बाजूला ढकलू लागले.

तो गोवरच निघाला. माणूस बरा होऊन घरी गेला. वॉचमनला मात्र लागण झाली आणि त्याच वॉर्डात झोपावं लागलं. बरा झाल्यावर महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही, जणू गोवर तिनंच दिला होता.

प्रमुखांनी आपलं 'आदर्श' मागे घेतलं. पुढची तालीम न सांगता होईल, असंही ठणकावून गेले. हॉस्पिटलला स्वतःची यंत्रं मिळाली, आणि गाऊनच्या कपाटाचं कुलूप पुन्हा काही लागलं नाही. अधीक्षकांनी कित्येक दिवस तिला टोमणे मारले, "आजारी माणूस तुम्हाला नेमका त्याच दिवशी सापडायचा होता?" पण पंख्याला त्यांनी हात लावला नाही. डॉक्टर मंडळीही कुरकुरत का होईना, टोपड्याखाली बसू लागली.

वर्षाच्या आत अधीक्षकांची बदली झाली. नवे साहेब तरुण, हुशार, कामाला वाघ. पहिल्याच दिवशी त्यांनी हॉस्पिटल पायाखाली घातलं आणि त्या वॉर्डापाशी येऊन थांबले.

"सिस्टर, एवढी मोठी खोली रिकामी का ठेवलीय? इथे आपलं रेकॉर्ड मावेल की."

तिनं डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला.

"वेळ आहे ना, साहेब?" ती म्हणाली. "बसा मग. पहिल्यापासून सांगते."