कामार्गचे रोहित आणि दशम्यांचा डबा

मुलांनो, परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, आजोबांना दिसत नव्हतं, मग फ्लेमिंगो कसे दिसले?" मोठ्याला ती सहल थोडीफार आठवते, धाकटी तेव्हा बाबागाडीत होती. तुम्ही आता फ्रीमाँटला, मी इथे श्रूजबरीत, आणि सांगायला आजोबा राहिले नाहीत. म्हणून मीच लिहून ठेवते.

ही २००६ ची गोष्ट. तेव्हा आपण सगळे याच घरात होतो. आजोबांच्या नजरेत मधोमध डाग धरला होता. कडेचं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जाई. पेपर सुटला, माणसं आवाजावरून ओळखू लागले. पुण्याला असताना ते दर हिवाळ्यात भिगवणला फ्लेमिंगो बघायला जात. त्यांना ते कायम रोहितच म्हणत. "पुरतं अंधारायच्या आत एकदा रोहित दिसायला हवे होते," असं एकदा जेवताना म्हणाले आणि पुढे भात कालवू लागले. तुमच्या बाबाने ते लक्षात ठेवलं. ऑफिसच्या कामाने तो फ्रान्सला निघाला, तेव्हा त्याने आपल्या सगळ्यांची तिकिटं काढली. र्‍होन नदी समुद्राला मिळते तिथला दलदलीचा मुलूख, कामार्ग; तिथे रोहितांचे थवे असतात.

मी दशम्या केल्या. पीठ दुधात भिजवलं की त्या प्रवासात टिकतात. तुमची आई हसून म्हणाली, "आई, ब्रेडच्या देशात चाललोय आपण."

"म्हणूनच," आजोबा म्हणाले.

तिथे पाण्याकाठी पक्षी बघायला लाकडी आडोसा होता. पलीकडे पांढरे घोडे पोटापर्यंत पाण्यात उभे राहून चरत होते. रोहित माना पाण्यात घालून उभे. सगळे कुजबुजत बोलत होते. बाबाने दुर्बीण आजोबांच्या हातात दिली.

"अण्णा, दिसतायत?"

"पाणी दिसतंय."

"जरा मान वाकडी करून बघा."

"काहीतरी पांढरट आहे. कुणाचं तरी धुणं असेल."

त्यांनी दुर्बीण परत केली. "तुम्ही बघा रे. मी आपला दशमी खातो."

डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. त्यांनी जोर लावला आणि ते उडून फळ्यांवर खणखणत गेलं. शेजारच्या फ्रेंच बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, पण तोवर अख्खा थवा पाण्यावरून धावत वर उठला होता. उभे असताना फिकट दिसणारे ते पक्षी पंख उघडताच लालभडक झाले, काळ्या काठांचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत आभाळ हलत होतं. एवढं मोठं, एवढं लाल, डागाखाली मावणारं नव्हतं.

आजोबांनी माझं मनगट धरलं. "अगं, रोहित. तेच आहेत."

"आजोबा, डू इट अगेन," मोठा म्हणाला.

बाईंना भाषा कळली नसेल, चेहरा कळला असावा. त्यांनी झाकण उचललं, रुमालाने पुसलं आणि आजोबांच्या हातात ठेवलं. आजोबांनी त्यांना दशमी दिली, लसणाच्या चटणीसकट. त्यांनी ती डोळे पुसत संपवली.

पुढे नजर गेली ती गेलीच. पण रोहित पाहायचे राहिले, असं आजोबा पुन्हा म्हणाले नाहीत. जेवताना निघालेलं एक वाक्य ज्याने ऐकलं, त्या तुमच्या बाबाचे उपकार मी विसरत नाही.

डबा अजून आहे. झाकणाला पोचा पडल्यामुळे ते सैल बसतं. त्यात मी मेतकूट ठेवते.