मिशीवाल्याचा बोर्ड

माझ्या हॉटेलाला बोर्ड नव्हता आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. जव्हारहून मोखाड्याकडे निघालेली एस.टी. घाटाच्या आधीच्या वळणावर यायची, ड्रायव्हर मागं मान वळवून ओरडायचा, "मिशीवाल्याकडं चहा घेऊन घ्या रे!" आणि माणसं उतरायची. मिशी माझी. कुठल्याही बोर्डापेक्षा लांबून दिसायची. मी दुसरीत शाळा सोडलेला माणूस. मला वाचायचा कंटाळा, तर दुसऱ्याला दारात उभं करून वाचायला कशाला लावू?

मग रस्ता रुंद झाला. दारातलं मोहाचं झाड गेलं, पुढचं पत्र्याचं छप्पर गेलं, आणि रस्त्यापलीकडं माझ्या धाकट्या भावानं हॉटेल काढलं. सख्खा भाऊ, एका आईचा. भजी तळायला शिकला तो माझ्या भट्टीवर. त्यानं बोर्ड लावला आतून दिवे पेटणारा. दिवस कलला की पार वळणाखालून दिसायचा. अक्षरं मला धड लागली नाहीत, पण अक्षरांच्या वर चित्र होतं ते लागलं. काळी, जाड, दोन्ही टोकं वर वळलेली मिशी.

भावाच्या ओठावर उभ्या जन्मात केस टिकला नाही. दोन दिवस दाढी केली नाही तर त्याचं तोंड बुरशी आल्यासारखं दिसतं.

मी रस्ता ओलांडून गेलो. तो गल्ल्यावर बसला होता.

"ही मिशी कोणाची रे?"

"मिशी काय सातबाऱ्यावर चढवलीस काय, दादा?" तो बोलला.

बाकड्यांवरची माणसं हसली. त्यातले निम्मे कालपर्यंत माझ्याकडं बसून हसायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाडी धरून जव्हारला गेलो.

जव्हारात फ्लेक्स छापणारा एक तरुण मुसलमान आहे. त्याचा बाप पत्र्यावर ब्रशनं बोर्ड रंगवायचा, आता त्याचा हात थरथरतो. पोरानं मला बसवलं, पाणी दिलं आणि एकेक नमुना दाखवला. पत्र्याची अक्षरं होती, काचेसारखी चमकणारी होती, दिव्याची होती. मी म्हणालो, मला माझा चेहरा पाहिजे.

"बाबा, थाळी टाका," तो बोलला. "नागलीची भाकरी, चटणी, कांदा. माणसं काय चेहरा खायला येत नाहीत."

"माझ्याकडं चेहरा बघूनच येतात."

मग त्यानं चेहऱ्यामागची चित्रं दाखवली. कुठं केळीचं पान, कुठं धबधबा, कुठं लाल मिरच्यांची नक्षी. मला एकही पटेना. शेवटी कॉम्प्युटरवर एक झरकन पुढं सरकलं, त्यावर मी बोट ठेवलं. निळं आकाश, पांढरे ढग, डोक्यामागं गोल उजेड आणि पायाशी कमळं. जव्हारच्या नाक्यावर जेवढी म्हणून मोठी माणसं मी टांगलेली बघितली, ती सगळी ह्याच ढगांत.

"हे."

त्यानं हात आवरता घेतला. "बाबा, हे गेलेल्या माणसांचं असतं. श्रद्धांजलीचं."

"मला डोळे हायत. गेलेली असली तरी मोठी माणसं ती. मी मेल्यावर माझा कोण लावणार? आणि लावलाच तरी तो बघायला मी असणार काय?"

"लोक काय समजतील?"

"लोक मिशी बघतील."

त्यानं वाद घातला नाही. हात जोडून उभं केलं, फोटो काढला. खाली लाल अक्षरांत सुस्वागतम तेवढं मोठं टाकतो म्हणाला. टाक म्हटलं. मला त्यातलं काय कळतंय.

बोर्ड दारावर चढला तेव्हा म्हातारी, म्हणजे माझी बायको, भट्टीपुढून उठून बाहेर आली. वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "रोज सकाळी कुंकू मी लावते," ती बोलली, "आणि तुम्ही वर जाऊन बसलात. उतरवा ते."

"नाय उतरवणार."

पहिली गाडी आली. वळणावर हळू झाली, ड्रायव्हरनं मान वाकवून वर बघितलं, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात कपाळाला लावले आणि गाडी पुढं नेली. त्याच्यामागची गाडी थांबली, पण पलीकडं. दुपारनंतरची तशीच.

दोन दिवसांत साखरशेतहून नात्यातल्या बायका आल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून फडक्यात भाकऱ्या बांधून आणलेल्या. दारात पाय ठेवतानाच त्यांनी गळा काढला. आत म्हातारी कुंकू लावून भजी तळत होती. त्यातली एक थोराड बाई रडता रडता थांबली आणि म्हणाली, "अगं, अजून पुसलं नाहीस?"

म्हातारीनं गरम झारा तिच्या अंगावर उगारला. मी मागच्या दारानं पाण्याची घागर घेऊन आलो तर सगळ्या माझ्याकडं बघत उभ्या. वाटलं, आनंद होईल. ती थोराड बाई म्हणाली, "मग आता एवढ्या भाकऱ्यांचं काय करायचं?"

एका जुन्या ड्रायव्हरला मी रस्त्यात आडवा झालो. तो खाली उतरला, पण गाडी चालूच ठेवून. "तुम्ही जिते हाव ते मला ठाऊक हाय, बाबा. पण पॅसेंजर उतरत नाय. पुढं घाट हाय. मेलेल्याच्या फोटोखाली चहा पिऊन घाटात कोण जाईल? उतरवा तो."

"माझ्या दारावर माझा चेहरा. मी का उतरवू?"

"मग चेहराच विका," तो म्हणाला आणि गाडीत चढला.

त्याच आठवड्यात, भर सकाळी, दोन गाड्या पलीकडं उभ्या असताना भाऊ शिडी घेऊन रस्ता ओलांडून आला. हातात झेंडूचा हार. शिडी माझ्या भिंतीला लावली, वर चढला, माझ्या फोटोला हार घातला, खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला. मी तिथंच दारात बसलेलो. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही.

"लई चांगला होता माझा दादा," तो पॅसेंजरांना ऐकू जाईल असं म्हणाला. "भजी तेवढी कच्ची ठेवायचा. चला, त्याचीच चव आता तिकडं हाय, आणि नीट तळलेली."

माणसं हसत त्याच्यामागून गेली. मी थोडा वेळ बसलो. त्यांच्या पुढ्यात ताटल्या येऊ दिल्या. तोंडात घास गेला असेल असं वाटलं तेव्हा उठलो आणि पलीकडं जाऊन त्याच्या बाकड्यांच्या मधोमध उभा राहिलो.

"मी मेलो, नाही का? तुम्ही सगळ्यांनी हार बघितला. मग हा माझा सख्खा धाकटा. थोरला मेला तर धाकट्याला सुतक नाही? डोकं का नाही भादरलं ह्यानं? सुतकाच्या घरचं तळलेलं तुम्ही खाताय, आणि पुढं घाट हाय."

एका बाईनं हातातली भजी ताटलीत ठेवली आणि पदराला हात पुसला. तिच्या शेजारचा उठला. मग बाकडीच्या बाकडी उठली. गाडीतून एकजण तोंडातलं बाहेर थुंकताना मी बघितला. मला फार बरं वाटलं.

"बोल आता सगळ्यांपुढं," मी भावाला म्हणालो, "दादा जिता हाय म्हण, आणि ती मिशी उतरव."

एवढंच बोलायचं होतं त्याला. पण तोही आमच्या आईचाच. "माझ्यासाठी तू मेलास," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं गुळगुळीत करून तो स्वतःच्या दारात बसला. भट्टी विझवलेली, बोर्डाचे दिवे बंद. माझ्यासाठी सुतक धरलं त्यानं. सगळं रीतसर. समोर मी, माझी भट्टी पेटलेली आणि बाकडी रिकामी. मधून गाड्या न थांबता मोखाड्याला जात होत्या. आम्ही दोघं त्या धुरळ्यातून एकमेकांकडं बघत होतो.

माझा दहावा त्यानं नदीवर घातला. भाऊबंद गोळा झाले, वांगणीकडचे चुलतभाऊही आले. जेवण असतं तिथं माणसं येतात. मी पलीकडच्या काठाला खडकावर जाऊन बसलो. माझा दहावा मी का चुकवू?

भावानं पिंड ठेवला. मी मनात म्हटलं, आता बस उन्हात. मेलेल्याचं मन कशात अडकलं असलं की कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना माहीत. आणि माझं किती अडकलं होतं! माझ्या गाड्या माझ्या दारात परत यायच्या होत्या. त्याचे दिवे विझलेले बघायचे होते. हा दुपारपर्यंत हात जोडून उभा राहील, सगळ्यांपुढं कबूल करील, दादा तुझी मिशी तुला देतो, तुझं गिऱ्हाईक तुला देतो, तरी कावळा यायचा नाही.

तो दोन पावलं मागंही सरला नव्हता, तोवर कावळा आला. आला, पिंडात चोच घातली आणि निवांत खात बसला.

"बघा," एक चुलतभाऊ म्हणाला, "म्हाताऱ्याचं काही म्हणजे काही राहिलं नव्हतं."

भाऊ पाण्यापलीकडून माझ्याकडं बघून हसला. सुतक लागल्यापासून पहिल्यांदा. "सुटलास रे दादा!" असं ओरडला.

मी दगड उचलला आणि कावळ्याला मारला. भावाला मारला नाही, कारण माझा नेम अजून चांगला आहे.

तेराव्याला त्यानं गोड जेवण केलं आणि मार्गावरच्या सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना पंगतीला बसवलं. माझ्या नावानं जेवले ते. त्या दिवसापासून त्याची भट्टी शुद्ध झाली, गाड्या परत तिकडं लागल्या. माझं सुतक कोण फेडणार? मेलेला माणूस स्वतःचं सुतक फेडत नाही.

काही दिवसांनी म्हातारीनं आमची भट्टी विझवली, पदर खोचला आणि रस्ता ओलांडून त्याच्याकडं भजी तळायला गेली.

"लाज नाही वाटत?" मी विचारलं.

"विधवेलाही पोट असतं," ती म्हणाली. कपाळावर कुंकू तसंच.

आता संध्याकाळी ती तिकडून येताना कपभर चहा आणते, मला देते आणि बोर्डाकडं बघते. "उतरवता काय? उद्याच भट्टी पेटवते." मी चहा पितो. नाही म्हणतो. ती कप घेऊन आत जाते.

उन्हानं फोटो विटला आहे. आकाश गेलं, ढग गेले, कमळं गेली, माझे जोडलेले हातसुद्धा पुसट झालेत. काळा रंग तेवढा टिकला, नुसती मिशी. गाडी वळणावर येते, ड्रायव्हर मागं मान वळवून ओरडतो, "मिशीवाल्याकडं चहा घेऊन घ्या रे!" आणि सगळे पलीकडच्या बाजूला उतरतात.